प्रार्थना आढळली नाही

माणसाला आयुष्यात एकदा तरी काहीतरी स्थापन करायची हुक्की येते. कुणी बुद्धिबळाचं मंडळ काढतो, कुणी कबुतरं पाळणाऱ्यांची संघटना. रुडोल्फ कार्लोविचला ही हुक्की साठी उलटल्यावर आली आणि त्याने नेमका कॅरिस्मॅटिक प्रार्थनागट काढला. म्हणजे हात वर करून, टाळ्या वाजवून, मनातलं सगळं मोठ्याने देवाला सांगायचं, त्यातला प्रकार. आणि तोही कझाक स्तेपच्या उघड्या माळरानावर, उगोल्नीसारख्या खाणीच्या गावात, जिथे आम्ही कॅथलिक माणसं शिंकायच्या आधीसुद्धा खिडकी लागली आहे ना, ते बघून घेतो.

दोष खरं तर मेणबत्त्यांचा. चर्चमधल्या मेणबत्त्या संपल्या म्हणून फादर बोगुस्लाव यांनी त्याला कारागांदा शहरात पाठवलं होतं. मेणबत्त्यांचं खोकं काखोटीला मारून तो तिथल्या कॅथेड्रलच्या सभागृहात सहज डोकावला, तर आत एवढी माणसं डोळे मिटून, हात वर करून, एकाच वेळी देवाशी बोलत होती. गिटार वाजत होती. एक आजोबा चक्क डोलत होते. 'चुकून आलो, माफ करा' म्हणून तो मागे फिरणार, एवढ्यात एका धिप्पाड बाईने त्याला खोक्यासकट खुर्चीवर बसवलं, डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कुणासाठी प्रार्थना करू, भाऊ?"

आता रुडोल्फ हा तंत्रनिकेतनात उभी हयात आरेखन शिकवलेला माणूस. भावना हा विषय त्याच्या मते पेन्सिलीने काढावा आणि पाहुणे यायच्या आत खोडून टाकावा असा. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे. "बायकोसाठी," एवढं तो म्हणाला आणि त्या परक्या गर्दीत, मांडीवर मेणबत्त्यांचं खोकं घेऊन, लहान पोरासारखा ढसाढसा रडला.

कारण आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी लिदाच्या हृदयाची झडप बदलावी लागेल म्हणून सांगितलं होतं. मार्चमध्ये अस्तानाला ऑपरेशन. दवाखान्यातून घरी आल्यावर अंगावरचा कोटसुद्धा न काढता लिदाने त्याला दम भरला होता, "रूडी, चर्चच्या पॅरिशमध्ये कुणाला एक अक्षर कळलं तर याद राख. ओट्टिलिया मावशीला सकाळी कळलं, तर संध्याकाळपर्यंत मला कुठल्या झग्यात पुरायचं ते तिने ठरवलेलं असेल."

तेव्हापासून रुडोल्फ छातीवर कोळशाची गोण ठेवल्यासारखा वावरत होता. कारागांदाच्या त्या खुर्चीवर ती गोण पहिल्यांदा जरा हलली. परतीच्या बसमध्ये त्याने पक्कं ठरवलं, की आपल्या गावात असाच गट काढायचा, माणसांना मोकळेपणी प्रार्थना करायला शिकवायचं आणि मार्चच्या आत एके दिवशी सगळ्यांनी मिळून लिदावर हात ठेवायचे. कशासाठी ते न सांगता लोक हात कसे ठेवणार, आणि लिदा ते ठेवून कसे घेणार, हा बारीकसा प्रश्न होता. पण बसच्या काचेवर बर्फ साचलं होतं, बाहेरचं काही दिसत नव्हतं, आणि अशा वेळी माणसाला सगळंच सोपं वाटतं.

घरी आल्यावर त्याने लिदाला निम्मीच योजना सांगितली. तिने उरलेली निम्मी ओळखली.

"मी काय प्रदर्शनात मांडायची वस्तू आहे?" ती म्हणाली. "तुला गट काढायचा तर काढ. मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही."

फादर बोगुस्लाव हे मूळचे पोलंडचे. सौम्य माणूस, पण कागदपत्रांना वाघासारखं घाबरणारा. रुडोल्फने त्यांना पवित्र आत्म्यावर बराच वेळ ऐकवलं. पवित्र आत्म्याबद्दल फादरांनाही थोडंफार ठाऊक असेल हे त्या भरात त्याच्या लक्षात राहिलं नाही.

"फादर, तो वाऱ्यासारखा येतो!" रुडोल्फ म्हणाला.

"येऊ दे की. मी कुठे नाही म्हणतोय?" फादर म्हणाले. "पण तो नोंदलेल्या जागेतच यायला हवा. दुसरीकडे आला तर अकिमातवाले मला नोटीस देतील."

अकिमात म्हणजे आमची नगरकचेरी. तिथे धर्मविभाग म्हणून एक टेबल आहे, आणि उपासना कुठल्या खोलीत चालते हे त्या टेबलाला आधी कळवावं लागतं. चर्चची मुख्य खोली संध्याकाळी येडविगा स्तानिस्लावोव्नाच्या ताब्यात असायची. ती ऑर्गन वाजवते आणि गायकवृंदाला रडवते. तिला विचारायचीही सोय नव्हती. उरलं तळघर, म्हणजे बॉयलरशेजारची कोळशाची जुनी खोली.

"तळघर घे," फादर म्हणाले. "आणि रुडोल्फ कार्लोविच, जे काय करायचं ते जरा हळू आवाजात कर."

कॅरिस्मॅटिक आणि हळू आवाजात! पोहायला जा, पण भिजू नकोस, अशातली ही गत. रुडोल्फने मान डोलावली आणि घरी जाऊन गिटार शिकायला बसला.

गिटारीवाचून असला गट होत नाही, असं त्याचं ठाम मत झालं होतं. एका विद्यार्थ्याने मागे टाकून दिलेली गिटार त्याच्याकडे होती. रोज जेवणानंतर तो ती मांडीवर घेऊन बसायचा. खालच्या मजल्यावर झार्किन राहतो. बस डेपोत मेकॅनिक आहे. गिटार सुरू झाली की तो हीटरच्या पाइपवर पाना आपटायचा. पहिले दोन दिवस रुडोल्फला वाटलं, शेजारी ताल देतोय. तिसऱ्या दिवशी झार्किन स्वतःच वर आला.

"कार्लिच, हा आवाज कसला आहे? पाइपात हवा अडकली असेल तर सांग, मी सोडवून देतो."

रुडोल्फने त्याला सगळं समजावलं. झार्किनने नीट ऐकून घेतलं आणि सल्ला दिला. आमच्याकडे सल्ला फुकट असतो आणि तो पोटभर मिळतो. "नुसत्या गाण्याने कोण येणार? शाश्लीक ठेव. मांस भाजल्याचा वास रस्त्यापर्यंत गेला पाहिजे. मीसुद्धा येईन."

"तू मुसलमान आहेस ना?"

"मग? शाश्लीकला काय झालं?"

लिदा स्वयंपाकघरातून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. ते ऐकून रुडोल्फला इतकं बरं वाटलं की त्याने गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. झार्किनने हे पवित्र आत्म्याचं काम मानलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तो ताज्या बाउर्साकांची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, थाळी देऊन गेला.

पहिल्या सभेची सूचना रविवारच्या मिस्सा-उपासनेनंतर झाली. तरुण मंडळी यावीत अशी अपेक्षा होती. आल्या म्हाताऱ्या. सगळ्यांत पुढे ओट्टिलिया मावशी. वय चौऱ्याऐंशी, उंची खुर्चीएवढी, आवाज अगदी बारीक, आणि पॅरिशमध्ये तिच्या शब्दापुढे फादरांचंही चालत नाही. मागोमाग तिच्या बरोबरीच्या चार-पाच जणी, आणि सगळ्यांत शेवटी येडविगा स्तानिस्लावोव्ना, जी फक्त गिटार येते का हे बघायला आली होती. प्रत्येकीच्या हातात फडक्यात गुंडाळलेला कूखेन होता, वर लोणी-साखरेचा भुगा घातलेला आमचा जर्मन केक.

"मावशी, हे कशाला? आपण प्रार्थनेला जमलोय," रुडोल्फ म्हणाला.

"प्रार्थनेला रिकाम्या हाताने कोण येतं?" मावशी म्हणाली.

मग त्या कामाला लागल्या. तळघराला खिडकी नाही, म्हणून त्यांनी हवेच्या झरोक्यावर शाल टांगली. एकीने जिन्याकडे तोंड करून दारापाशी खुर्ची घेतली. दिवे निम्मे मालवले. आणि सगळ्याजणी डोकी जवळ आणून जपमाळ म्हणू लागल्या. ओठ हलत होते एवढंच. रुडोल्फला शेजारच्या बॉयलरची घरघर त्यांच्यापेक्षा जास्त ऐकू येत होती.

यात नवल काही नाही. या बायका देवाला न मानणाऱ्या जुन्या राजवटीने इथे आणून टाकलेल्या जर्मन आणि पोलिश घरांतल्या; त्यांची आयुष्यं अशीच गेली. चर्च नव्हतं, पाद्री नव्हता आणि देवाचं नाव घेतल्याचं कळलं तर नोकरी नव्हती, त्या काळात त्या प्रार्थना शिकल्या. आईने कानात सांगितली, त्यांनी मुलीच्या कानात सांगितली. मोठ्याने म्हटलेली प्रार्थना त्यांना न शिजलेल्या बटाट्यासारखी वाटते. हे रुडोल्फलाही ठाऊक होतं, त्याची आईही तशीच होती. पण कारागांदाहून येताना माणूस शहाणा होऊन येतो.

"भगिनींनो!" तो म्हणाला. आजवर त्यांना भगिनी कुणी म्हटलं नव्हतं. दोघींनी मागे वळून पाहिलं. "आपण मोकळेपणी, मोठ्याने बोलू या. हृदय उघडू या!"

"देव काही बहिरा नाही, रुडोल्फ," मावशी म्हणाली. "शेजारीपण नाहीत."

"बरं, मग निदान हात वर करू या. असे!"

त्यांनी हात वर केले. एकेकच. शाळेत बाहेर जायची परवानगी मागताना करतात तसे. आणि रुडोल्फ काय विचारतो याची वाट बघत राहिल्या.

"आता ज्याच्या मनात जे असेल ते देवाला सांगा."

बॉयलरने एक उसासा टाकला. अखेर येडविगा स्तानिस्लावोव्ना उभी राहिली. रुडोल्फचा ऊर भरून आला.

"इथे पायांना गार वारा लागतो," ती म्हणाली आणि खाली बसली.

"तूच कर ना सुरुवात," मावशी म्हणाली. "आम्ही बघून शिकतो."

न्याय्य मागणी होती. रुडोल्फने डोळे मिटले, हात पसरले. मनात एकच गोष्ट होती, तिला तर कुलूप. लिदाचं नाव घशापर्यंत आलं आणि परत गेलं. मग त्याच्या तोंडून, वर्गात मापं सांगावीत अशा खणखणीत आवाजात निघालं, "हे प्रभू, हीटिंग व्यवस्थित चालू असल्याबद्दल आम्ही तुझे आभारी आहोत."

"आमेन," म्हाताऱ्या म्हणाल्या. मग सगळ्यांनी कूखेन खाल्ला.

नंतरच्या सभाही अशाच गेल्या. त्याने टाळ्या वाजवून पाहिल्या, तर दारापाशी बसलेली बाई दचकून उठली. 'आलेलूया' म्हणायला शिकवलं, तर त्या ते इतक्या दबक्या आवाजात म्हणाल्या की कुणाची तरी चहाडी चालली आहे असं वाटावं. संख्या मात्र वाढत गेली, कारण कूखेनची कीर्ती पसरली होती. रुडोल्फ प्रत्येक सभेला नवी प्रार्थना घोकून जायचा आणि प्रत्येक वेळी देवाचे आभार मानून यायचा. हीटिंगनंतर बर्फ काढणाऱ्या गाडीबद्दल मानले, मग येडविगाच्या ऑर्गनबद्दल. त्यावर ती म्हणाली, "उपरोध नको."

मार्च जवळ येत होता. रोज संध्याकाळी लिदा जिना चढून आली की मधल्या मजल्यावर थांबायची आणि पिशवीत काहीतरी शोधल्याचं नाटक करायची. रुडोल्फ वर दार उघडं धरून उभा राहायचा आणि आपल्याला काही दिसत नाही असं नाटक करायचा. 'एवढा मोठा गटाचा पुढारी,' तो स्वतःला म्हणायचा, 'आणि देवाला बायकोचं नाव सांगायची हिंमत नाही. बर्फाच्या गाडीचं बरं सुचतं.'

त्यातच अकिमातचा कागद आला. तळघर 'कोळसा साठवण' म्हणून नोंदलेलं असल्यामुळे तिथे उपासना कशी चालते याचा खुलासा करावा. फादर बोगुस्लाव पांढरेफटक पडले. रुडोल्फ मात्र खूश झाला. अखेर त्याच्या हातची गोष्ट आली होती! त्याने तळघराचा असा काही नकाशा काढला, की त्यात भिंतींची जाडी, पायऱ्यांचा उतार, झरोक्याचा आडवा छेद, झालंच तर खुर्च्यासुद्धा वरून कशा दिसतात ते दाखवलं होतं. लिदा म्हणाली, "लग्नाच्या वेळी मला एवढं लक्षपूर्वक पाहिलं असतंस तर बरं झालं असतं."

धर्मविभागाच्या टेबलामागे बाल्झान सेरिकोव्ना बसत असे. तिने नकाशा उलगडला. तो टेबलावर मावला नाही म्हणून तिने एक टोक रुडोल्फच्या हातात दिलं.

"फार सुंदर आहे," ती मनापासून म्हणाली. "आग लागली तर बाहेर कुठून पडायचं?"

रुडोल्फने नकाशाकडे पाहिलं. इतके तपशील काढले, पण दुसरं दार काढलं नव्हतं, कारण ते नव्हतंच. "कोळसा ओतायची घसरगुंडी आहे," तो म्हणाला.

"वरून खाली येते ती?"

"हो."

"त्यातून आजीबाई वर चढणार?"

रुडोल्फने डोळ्यांसमोर ओट्टिलिया मावशीला आणून पाहिलं. बाल्झान सेरिकोव्नाने सुस्कारा टाकला. वाईट बाई नव्हती ती, नुसती दमलेली होती. "मी गुरुवारी येऊन बघते. तुमची सभा चालू असतानाच येते. काय करता ते डोळ्यांनी पाहिलं की मला लिहायला सोपं जाईल."

आणि रविवारी लिदाला अस्तानाला घेऊन जायचं होतं. म्हणजे गुरुवारची सभा शेवटचीच. तिच्यात काही झालं तर झालं.

बुधवारी रुडोल्फने मावशीच्या घरी जाऊन शंभरदा बजावलं. "मावशी, उद्या अकिमातची बाई येणार आहे. घाबरायचं काही कारण नाही. सगळं कायदेशीर आहे. आपण प्रार्थना करतो हे तिला दाखवायचंच आहे. कळलं ना?"

"कळलं, बाळा, कळलं," मावशी म्हणाली. "अकिमातची बाई येणार."

पुढचं तिने ऐकलंच नव्हतं हे रुडोल्फला गुरुवारी कळलं.

गुरुवारी बाहेर बुरान सुटलं होतं, स्तेपवरचं ते आंधळं करणारं बर्फाचं वादळ. तरी म्हाताऱ्या सगळ्या हजर. रुडोल्फ आपला चष्मा घरी विसरून आला होता, आणि तो द्यायला, काय करणार, लिदाला यावं लागलं. जिना उतरून ती आली तेव्हा तिला इतका दम लागला होता की ओट्टिलिया मावशीने एक शब्द न विचारता तिला बॉयलरजवळच्या खुर्चीत बसवलं आणि हातात चहा दिला.

"मी फक्त चष्मा द्यायला आलेय," लिदा म्हणाली.

"मग चष्मा देऊन झाल्यावर चहा पी," मावशी म्हणाली.

सभा सुरू झाली. रुडोल्फ मधोमध उभा राहिला, हात वर केले, डोळे मिटले. आज बोलायचंच. तेवढ्यात दारापाशी बसलेली म्हातारी दोनदा खोकली.

पुढच्या काही क्षणांत जे झालं ते रुडोल्फला शब्दांत सांगता येत नाही. नकाशा काढून कदाचित दाखवता येईल. जपमाळा एप्रनच्या खिशात गेल्या. क्रूसावर शाल पडली. एवढ्या चपळाईने या बायका कधी रांगेतसुद्धा पुढे सरकल्या नव्हत्या. टेबलावर कूखेन आले, त्यातल्या सगळ्यांत मोठ्यात चर्चची मेणबत्ती खोचली गेली आणि कुणीतरी ती पेटवली. बाल्झान सेरिकोव्ना बर्फ झटकत दारात उभी राहिली, तेव्हा सगळ्या पॅरिशने वाढदिवसाचं गाणं धरलं होतं. येडविगा स्तानिस्लावोव्ना तर टेबलावर ठेका धरत होती. आणि रुडोल्फ मधे हात वर करून उभा होता.

"काय चाललंय?" बाल्झान सेरिकोव्नाने विचारलं.

"वाढदिवस," ओट्टिलिया मावशी गोड हसून म्हणाली.

"कुणाचा?"

सगळ्या म्हाताऱ्यांनी एकदम रुडोल्फकडे बोट दाखवलं.

जुन्या काळी मावशीच्या स्वयंपाकघरात प्रार्थना भरायची तेव्हा असंच असे. कुणी दार वाजवलं की वाढदिवस. त्या वर्षांत मावशीचे इतके वाढदिवस झाले की त्या हिशेबाने ती आज चारशे वर्षांची व्हायला हवी. दिवस बदलले, चर्च बांधून झालं, परवानगीचा कागद भिंतीवर लागला. पण अकिमातचा माणूस जिन्यावर म्हटलं की या बायकांचे हात आपोआप केककडे जातात.

"नाही, नाही!" रुडोल्फ ओरडला. "माझा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो! आम्ही प्रार्थना करतोय! देवाशपथ प्रार्थना करतोय!"

"लाजतो तो," मावशी बाल्झान सेरिकोव्नाला म्हणाली. "वय वाढलेलं त्याला आवडत नाही."

"मावशी, मी स्वतः अर्ज दिलाय! येडविगा स्तानिस्लावोव्ना, तुम्ही तरी सांगा!"

"प्रार्थना?" येडविगा म्हणाली. "इथे? पायांना गार वारा लागतो इथे."

त्याने आशेने लिदाकडे पाहिलं. लिदाने चहाच्या कपात तोंड लपवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. उभ्या जगात हा बहुधा एकटाच माणूस असेल, जो सरकारपुढे आपण प्रार्थना करतो म्हणून शपथा घेत होता आणि त्याचीच माणसं त्याला खोटं पाडत होती.

बाल्झान सेरिकोव्नाने खोली पाहिली, झरोक्यावरची शाल पाहिली, कोळशाच्या घसरगुंडीत वाकून पाहिलं. मग पिशवीतून कागद काढून गुडघ्यावर ठेवला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "खाजगी वाढदिवस. प्रार्थना आढळली नाही." सही ठोकली. संपला गट. ज्या गटासाठी रुडोल्फने गिटार, नकाशा आणि अब्रू पणाला लावली, तो अस्तित्वातच नाही असं सरकारी शाईत नोंदलं गेलं. तो धप्पकन खुर्चीवर बसला.

"आता बस, पोरी," मावशी बाल्झानला म्हणाली. "बूट काढ, बॉयलरजवळ ठेव. या बुरानात कुठे परत जातेस? कूखेन खा."

ती बसली. चहाचा एक घोट घेतल्यावर तिच्या चेहऱ्यावरची कचेरी जरा उतरली. केककडे हात नेता नेता ती थांबली. "हे काय? वाढदिवस आहे आणि तिलेक कुणी म्हटलं नाही? असाच खायचा?"

तिलेक म्हणजे शुभेच्छेचे शब्द. आमच्याकडे एकेकाने उभं राहून ते बोलल्याशिवाय लग्न काय नि वाढदिवस काय, पूर्ण होत नाही. मग बोलणारा कझाक असो, जर्मन असो की पोल. आणि तिलेक कुणी कुजबुजत म्हणत नाही. मोठ्याने, छाती भरून म्हणायचं असतं.

ओट्टिलिया मावशी कप घेऊन उभी राहिली. "रुडोल्फ, बाळा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका मोठा असू शकतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, "तुला आरोग्य लाभो. आमच्यासारख्या अडेल म्हाताऱ्यांशी तू इतके दिवस डोकं आपटलंस, देवाने तुला त्याचं फळ द्यावं. हे प्रभू, याच्या मनात काहीतरी आहे. गेले कित्येक गुरुवार मी बघतेय. ते काय आहे ते मला ठाऊक नाही, तुला ठाऊक आहे. ते तूच बघ बाबा." मग तिला बाल्झान सेरिकोव्ना आठवली. "म्हणजे, वाढदिवसाच्या शुभेच्छा."

मग एकेक उठत गेली. प्रत्येकीची सुरुवात रुडोल्फपासून व्हायची आणि शेवट भलतीकडेच. एकीने जर्मनीला गेलेल्या मुलाचा फोन यावा म्हणून मागितलं. एकीने नवऱ्याची दारू सुटावी म्हणून मागितलं आणि रडली. येडविगा स्तानिस्लावोव्नासुद्धा उठली. बोटं आखडायला लागली आहेत, ऑर्गन सुटायच्या आत मला ने, असं तिने भर सभेत वरच्या दिशेने पाहून सांगितलं. रुडोल्फ आ वासून बघत होता. इतके आठवडे घसा फोडून जे जमलं नव्हतं ते समोर चाललं होतं, आणि त्याच्याशिवाय चाललं होतं.

"आता वाढदिवसवाल्याने बोलायचं," बाल्झान सेरिकोव्ना म्हणाली.

तो उठला. हात कुठे ठेवावेत कळेना. आभार मानायला एखादी गाडी, एखादं यंत्र आठवतंय का, तो शोधत होता. समोर बॉयलर होता, पण त्याच्याशेजारी लिदा बसली होती. अजून तिचा श्वास पुरता खाली बसला नव्हता.

"सोमवारी लिदाचं हृदयाचं ऑपरेशन आहे," तो म्हणाला.

लिदाने कप खाली ठेवला.

"कुणाला सांगू नकोस म्हणाली होती. सांगितलं. लिदा, तू काय शिव्या द्यायच्या त्या नंतर दे. हे प्रभू, माझा वाढदिवस नाही, मी गटाचा पुढारी नाही, मला गिटारही येत नाही. मला तुझ्याशी बोलता येत नाही हे तू बघितलंसच. एवढंच आहे, की हिला परत आण. ही नसली तर मी काय करू? मला खूप भीती वाटते. हिला परत आण."

बाल्झान सेरिकोव्नाने कप बाजूला सारला. दोन्ही तळवे आभाळाकडे उघडे धरले आणि आपल्या भाषेत, तिची आजी द्यायची तसा असेल, लांबलचक आशीर्वाद दिला. खोलीतल्या सगळ्यांनी तळवे उघडून वर धरले. "औमिन," ती म्हणाली आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. "आमेन," म्हाताऱ्या म्हणाल्या, सगळ्या एकदम, आणि खणखणीत.

लिदा रुडोल्फकडे बघत होती. आता ही उठून जाणार, असं त्याला वाटलं.

"मलाही वाटते," लिदा म्हणाली. "भीती. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून."

ओट्टिलिया मावशी तिच्यापाशी गेली आणि तिने लिदाच्या डोक्यावर हात ठेवला. झग्याचा विषय तिने काढला नाही. मग दुसरीने खांद्यावर ठेवला, तिसरीने पाठीवर. येडविगाने आपली आखडलेली बोटं लिदाच्या हातात दिली. बाल्झान सेरिकोव्ना नुसत्या मोज्यांवर येऊन उभी राहिली आणि जिथे जागा मिळाली तिथे हात लावला. कुणी मोठ्याने बोलत होतं, कुणी पुटपुटत होतं, कुणी नुसतं मुसमुसत होतं.

रुडोल्फ धावत आला तेव्हा जागाच उरली नव्हती. जिकडे हात न्यावा तिकडे कुणातरी म्हातारीची शाल. त्याने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, खुर्चीच्या मागून वाकून पाहिलं. "मावशी, जरा सरका," तो म्हणाला. कुणी सरकलं नाही. शेवटी तो त्या सगळ्यांच्या मधून खाली घुसला, फरशीवर गुडघे टेकले आणि लिदाचा बर्फाने भिजलेला बूट दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"ऊठ रे," लिदा वरून म्हणाली. "फरशी गार आहे. गुडघे धरतील तुझे."

पण पाय काही तिने मागे घेतला नाही.